राखणदारी कोणासाठी? महाराष्ट्रातील स्थानिक सुरक्षाव्यवस्था : जागल्यापासून मोहल्ला समितीपर्यंत

प्रस्तावना

पोलीस आणि जनता यांच्या सहकार्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पूर्वी गाव आपली राखण आपणच करीत असे, ही पहिली. १९८८ नंतर भिवंडीत मोहल्ला समित्या स्थापन झाल्या आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता शेजारची भिवंडी शांत राहिली, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र दोन्ही अपुऱ्या आहेत. राखण कोणी केली याचे उत्तर त्यांत मिळते. राखण कशाची करायची, कोणता धोका आधी आणि कोणता नंतर, हे कोणी ठरविले याचे उत्तर त्यांत मिळत नाही. स्थानिक सुरक्षेच्या इतिहासाची मांडणी आजवर बहुधा कायदे आणि पदे यांच्या क्रमाने झाली आहे. प्रस्तुत निबंधात हा इतिहास सुरक्षेच्या अग्रक्रमाच्या प्रश्नावरून तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

जागल्या, माग आणि भरपाई

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी ऑक्टोबर १८१९ मध्ये एक सविस्तर अहवाल सादर केला. मराठी अमलातील गावपातळीवरील पोलीसव्यवस्थेचे इतके बारकाईचे वर्णन अन्यत्र क्वचितच आढळते. या वर्णनानुसार गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची असे. परंतु प्रत्यक्ष काम जागल्याचे. रात्री गस्त घालणे, गावात कोण आले व कोण गेले यावर नजर ठेवणे, परक्या व संशयित माणसाची वर्दी पाटलास देणे आणि गावातील प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असणे ही त्याची कामे होती. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढीत तो गावच्या शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो माग पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. ज्या गावाच्या हद्दीत माग संपला ते गाव चोरीला जबाबदार ठरे. चोर सापडला नाही तर जागल्याने ऐपतीप्रमाणे भरपाई करून द्यावी आणि उरलेली रक्कम गावावर बसवावी, असा दंडक होता. तो सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे पाळला जात नसे, हेही तेथे नमूद आहे.

या पद्धतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि त्यात तथ्यही आहे. शिवेवर माग हवाली करण्याची पद्धत ही आजच्या दोन पोलीस ठाण्यांमधील हद्दीच्या वादापेक्षा अधिक सुटसुटीत होती, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. तथापि या व्यवस्थेत कोणता गुन्हा ‘गावाचा’ मानला गेला, हे पाहणे आवश्यक आहे. भरपाई होती ती चोरलेल्या मालाची. म्हणजे ज्याच्या घरी चोरून नेण्याजोगे काही होते, त्याची राखण या यंत्रणेच्या केंद्रस्थानी होती. नुकसानीचा पहिला बोजा मात्र ज्याच्या घरी असे काही नव्हते त्या जागल्यावर पडे. हे काम बहुतेक गावांत महारांकडे, तर पुण्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात प्रामुख्याने रामोशांकडे असे. वेशीवर पहारा देणाऱ्या वेसकर महाराचे स्वतःचे घर वेशीबाहेर असावे, यातच या राखणदारीचे स्वरूप स्पष्ट होते.

रामोशांचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या परिसरात राखणदारीचे परंपरागत हक्क असलेली ही जमात, इंग्रजी अमलात हे हक्क गेल्यावर बंडाकडे वळली. उमाजी नाईक यांचे बंड १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी देऊन संपविण्यात आले. परंतु त्यापूर्वी काही काळ सरकारने त्यांनाच माफी देऊन त्याच मुलखाच्या बंदोबस्ताच्या कामी घेतले होते. पुण्याच्या छावणीतील साहेबांच्या बंगल्यांवर रामोशी राखणदार ठेवण्याचा प्रघातही पुढे दीर्घकाळ चालला. राखणदार आणि दरोडेखोर यांच्यातील सीमारेषा किती पुसट होती, हे यावरून ध्यानात येते. राखणदारी हा मुळात एक करार होता. करार मोडला की राखण करणाराच ‘धोका’ ठरत असे.

१८६७ चा ग्रामपोलीस कायदा आणि त्यानंतर

१८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने या जुन्या घडीला कायद्याचे रूप दिले. पोलीस पाटील गावच्या पोलीसव्यवस्थेचा प्रमुख झाला. किरकोळ मारहाण व शिवीगाळ यांबद्दल गुन्हेगारास २४ तासांपर्यंत चावडीत डांबण्याचा अधिकार त्याला देता येत असे. ग्रामपोलीस मात्र जिल्हा पोलिसांच्या नव्हे, तर दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली राहिले. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगानेही हाच मार्ग योग्य मानला. गावच्या प्रमुखाची जबाबदारी कायम ठेवावी, गावचा पहारेकरी गावाचा सेवक राहावा आणि त्याला नियमित पोलिसांच्या हाताखालचा शिपाई करू नये, असे आयोगाचे मत होते.

या मताचा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र गावच्या सेवकाकडे जी कामे येत गेली ती गावाने सोपविलेली नव्हती. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांची अंमलबजावणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुंबई इलाख्यात या कायद्याचा व्यापक वापर १९११ च्या कायद्यानंतर झाला. नोंद झालेल्या माणसांची हजेरी घेणे, त्यांच्या जाण्यायेण्याची खबर देणे या कामी गावकामगार जुंपले गेले. सुरक्षेचा अग्रक्रम आता जिल्ह्याच्या ठिकाणी ठरत होता. पाटलाच्या चावडीत त्याची फक्त नोंद होत होती. काही माणसे त्यांनी काय केले यावरून नव्हे, तर ती कोणत्या जमातीत जन्मली यावरून धोकादायक ठरली. १९५२ मध्ये हे कायदे केंद्रीय पातळीवर रद्द झाले, तरी गावात चोरी झाली की प्रथम पालाकडे बोट दाखविण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

पहारेकऱ्यांच्या बाजूने या व्यवस्थेवर मूलगामी आघात केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले. महार वतनदारांस दिवसरात्र सरकारी कामास बांधून घ्यायचे आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व दारोदार मागण्याचा हक्क द्यायचा, या पद्धतीवर त्यांचा रोख होता. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपुष्टात आली, तर १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. स्थानिक सुरक्षेच्या इतिहासात आंबेडकरांच्या या विधेयकाचा उल्लेख सहसा होत नाही. तो सामाजिक सुधारणेच्या प्रकरणात जातो. वास्तविक, गावाची राखण कोणाच्या फुकट श्रमावर चालते हा त्यातील प्रश्न पोलीसव्यवस्थेचाच प्रश्न होता.

१९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील निर्माण झाला. पद वंशपरंपरागत राहिले नाही. नेमणूक सरकारकडून होऊ लागली. नियंत्रण जिल्हा दंडाधिकाऱ्याकडेच राहिले. गावातील गुन्ह्यांबरोबरच लोकांचे आरोग्य व सर्वसाधारण स्थिती यांची माहिती दंडाधिकाऱ्यास देणे हेही त्याचे कर्तव्य ठरविण्यात आले. ही तरतूद फारशी वाचली जात नाही. पण सुरक्षितता म्हणजे केवळ चोरीमारीचा अभाव नव्हे, अशी एक जाणीव तिच्यामागे दिसते. माहितीचा प्रवास मात्र एकाच दिशेने, खालून वर, असाच राहिला.

शहर आणि मोहल्ला

शहरात गाव नव्हते, चावडी नव्हती आणि पाटीलही नव्हता. तरीही मुंबईच्या पोलिसांना वस्तीपातळीवर कोणाशी तरी बोलणे भाग होते. येथे मोहल्ला हे एकक पुढे आले. १९०९ ते १९१६ या काळात पोलीस आयुक्त असलेल्या एस. एम. एडवर्ड्स यांच्यासमोर मोहरमच्या मिरवणुकांचा प्रश्न होता. निरनिराळ्या मोहल्ल्यांच्या टोळ्या ताबुतांबरोबर रस्त्यावर येत, त्यांच्यात चढाओढ लागे आणि तिचे पर्यवसान मारामाऱ्यांत होई. एडवर्ड्स यांनी टोळ्यांवर कडक निर्बंध घातले आणि मुस्लिम समाजातील प्रतिष्ठितांना हाताशी धरून धार्मिक प्रवचनांच्या मजलिशींना उत्तेजन दिले. बंदोबस्ताच्या दृष्टीने हा उपाय यशस्वी ठरला. मात्र पोलिसांनी ज्यांच्याशी बोलणी केली ते शेठ व धर्मोपदेशक होते. टोळीत नाचणारा गोदीतील हमाल वा गिरणीकामगार त्यांत नव्हता.

प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीने शांतता राखण्याची ही रीत पुढे ‘शांतता समिती’ या नावाने रूढ झाली. सण जवळ आला किंवा तणाव वाढला की समितीची बैठक भरवायची, नगरसेवक, व्यापारी, मौलवी, मंडळाचे अध्यक्ष यांना बोलावायचे, चहापान करायचे आणि सहकार्याचे आश्वासन घ्यायचे. या समित्या निरुपयोगी होत्या असे नाही. पण त्या ज्यांच्या नावाने भरत ते लोक बैठकीस नसत, हे खरे.

भिवंडी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि स्थानिक मराठी समाज अशी त्याची घडण. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. डी. पी. मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपाती तपासावर कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली आणि तिचे लोण मुंबईपर्यंत पोहोचले.

या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. पूर्वीच्या दंगलींचा अभ्यास करून त्यांनी मोहल्ला समित्यांची योजना आखली. शहरात सुमारे ७० समित्या स्थापन झाल्या. प्रत्येक समितीत दोन्ही धर्मांचे लोक घेण्यात आले आणि प्रत्येक समितीशी ठाण्यातील पोलीस जोडून देण्यात आला. नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा वस्तीतील सामान्य माणसांवर भर देणे, तणाव नसतानाही नियमित भेटणे आणि कनिष्ठ पोलीस कर्मचाऱ्यास या कामात महत्त्वाचे स्थान देणे ही या प्रयोगाची वैशिष्ट्ये होत.

यांपैकी तिसऱ्या वैशिष्ट्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. एरवी शिपाई हा बंदोबस्ताचा माणूस असतो. हुकूम आला की काठी घेऊन उभे राहायचे, एवढाच त्याचा आणि वस्तीचा संबंध. येथे तो समितीच्या बैठकीस बसला, माणसांना नावाने ओळखू लागला आणि वस्तीही त्याला नावाने ओळखू लागली. अफवा पसरली की खरे काय ते विचारायला दोन्ही बाजूंना एक माणूस होता. आणखी एक गोष्ट घडली. दंगल हा पोलिसांच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका होता. पण वस्तीतील माणूस बैठकीस येतो तो दंगलीविषयी बोलायला नव्हे. त्याच्यासमोर शेजाऱ्याशी झालेले भांडण असते. पोलीस दप्तरात ‘अदखलपात्र’ म्हणून नोंदवून बाजूला ठेवल्या जाणाऱ्या या तक्रारींना समित्यांमध्ये स्थान मिळाले. ज्या भांडणाची दखल घ्यायची नाही असे कायदा सांगतो, तेच भांडण दोन भिन्नधर्मीय शेजाऱ्यांमध्ये असेल तर तणावाच्या दिवसांत त्याला काय रूप येईल, हे सांगण्याची गरज नाही. भिवंडीच्या यशाचे श्रेय धार्मिक सलोख्याच्या भाषणांपेक्षा या लहान तक्रारींच्या निवारणाला अधिक द्यावे लागेल.

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडीत मोठा अनर्थ टळला.

मुंबईचा धडा

या दंगलींनंतर, १९९४ मध्ये, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि उद्योजक एफ. टी. खोराकीवाला यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्तीतील मुस्लिम समाज यांच्यातील संवाद पूर्णतः तुटलेला होता. तो जोडणे हे पहिले उद्दिष्ट. शांततेसाठी क्रिकेटचे सामने भरविणे हा तिचा एक लोकप्रिय उपक्रम ठरला. बैठकांना स्त्रिया येऊ लागल्या आणि चर्चेचा विषय सलोख्यावरून पाणी, शौचालये, कचरा याकडे वळला. काही निरीक्षकांना हे मूळ उद्दिष्टापासून दूर जाणे वाटले. हे मत मान्य करणे कठीण आहे. रात्री शौचास वस्तीबाहेर जावे लागणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने दिवा नसलेली वाट हाच सुरक्षेचा पहिला प्रश्न असतो.

झोपडपट्टी पोलीस पंचायतींमध्ये हा विचार अधिक स्पष्ट झाला. ए. एन. रॉय हे पुण्याचे पोलीस आयुक्त असताना आणि २००४ पासून मुंबईचे आयुक्त असताना, जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि महिला मिलन या संघटनांच्या सहकार्याने ही योजना राबविण्यात आली. प्रत्येक पंचायतीत वस्तीतील १० प्रतिनिधी. त्यांपैकी ७ स्त्रिया व ३ पुरुष. आणि सोबत त्या वस्तीसाठी नेमलेला पोलीस. दारू, नवराबायकोची मारहाण, शेजाऱ्यांचे तंटे, उसनवारीचे वाद हे विषय पंचायतीसमोर येत. स्त्रियांची संख्या बहुमतात ठेवल्याने अग्रक्रमांची यादीच बदलली. एल्फिन्स्टनच्या अहवालातील जागल्या ज्या मालाची राखण करीत असे, तो माल येथील बहुतेक घरांत नव्हता. येथे राखण हवी होती ती अंगाची. अर्थात घरगुती हिंसाचाराची प्रकरणे पंचायतीत मिटविणे म्हणजे त्या स्त्रीचा कायद्याकडे जाण्याचा मार्ग लांबविणे तर नव्हे, अशी शंका घेण्यास जागा राहतेच.

२००६ : भिवंडीचे दुसरे वास्तव

जुलै २००६ मध्ये भिवंडीचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यास स्थानिक मुस्लिम समाजाचा विरोध होता. ५ जुलै रोजी निदर्शनांना हिंसक वळण लागले. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांची निर्घृण हत्या केली.

ज्या शहरात पोलीस आणि वस्ती यांच्या संवादाचे सर्वांत यशस्वी उदाहरण घडले, त्याच शहरात पोलीस ठाण्याच्या जागेवरून हे व्हावे, ही घटना मोहल्ला समित्यांच्या गौरवपर लेखनात अनेकदा गाळली जाते. ती गाळण्याचे कारण नाही. खोपडे यांची बदली झाल्यानंतर समित्यांना पूर्वीचे बळ राहिले नव्हते. समिती ही कायद्याने निर्माण केलेली संस्था नव्हती. ती एका अधिकाऱ्याच्या निष्ठेवर उभी होती. शिवाय या वेळचा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. दोन समाजांतील भांडण मिटविण्याची रीत समित्यांना ठाऊक होती. पोलीस हाच एक पक्षकार असेल, तर ती रीत लागू पडेनाशी होते. ठाणे कोठे असावे हा स्थानिक सुरक्षेचा अगदी प्राथमिक प्रश्न. त्यावर वस्तीचे आणि पोलिसांचे एकमत झाले नाही आणि ते घडवून आणणारी यंत्रणाही उरली नव्हती.

तंटामुक्ती आणि आडवी बाटली

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने निवडलेल्या समितीने गावातील तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि तंटामुक्त ठरलेल्या गावास सरकारने रोख पुरस्कार द्यावा, अशी तिची रचना होती. हजारो दिवाणी व फौजदारी तंटे कोर्टकचेरीविना मिटले, ही जमेची बाजू. पुरस्कारासाठी तंटा ‘नसणे’ आवश्यक असल्याने दुर्बळ पक्षावर गप्प बसण्याचे दडपण येण्याची शक्यताही त्या रचनेतच होती. गावाच्या अब्रूसाठी फिर्याद मागे घे, हे वाक्य गावाला नवे नव्हते. त्याला आता बक्षिसाची जोड मिळाली.

याच सुमारास स्त्रियांच्या हाती एक वेगळे साधन आले. परवानाप्राप्त दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातील स्त्रियांना मतदानाची मागणी करण्याची तरतूद २००८ मध्ये अधिक सुस्पष्ट करण्यात आली. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रे; दुकान राहावे असे वाटणाऱ्याने उभ्या बाटलीवर आणि बंद व्हावे असे वाटणाऱ्याने आडव्या बाटलीवर खूण करायची. आपल्या गावाला सर्वांत मोठा धोका कशापासून आहे, हे जागल्याच्या काळापासून कोणीही गावातील स्त्रियांना विचारले नव्हते. येथे ते गुप्त मतदानाने विचारले गेले. अनेक गावांत त्यासाठी आधी पुरुषांचा आणि दुकानदाराचा रोष पत्करून सह्या गोळा कराव्या लागल्या.

हे मतदान पोलीस खात्याच्या कक्षेत येत नाही; पोलिसांकडे असतो तो मतदानाच्या दिवसाचा बंदोबस्त. शिवाय मतदान होऊ शकते ते सरकारी परवाना असलेल्या दुकानावरच. ओढ्याकाठच्या हातभट्टीला परवाना नसतो, त्यामुळे तिच्यावर मतदानही नसते. २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली, ती याच उणिवेमुळे. तरीही हातभट्टीची तक्रार घेऊन गावातील स्त्री आजही प्रथम जाते ती पोलीस पाटलाच्या घरी.